उभी गाडी

आमच्या भागात गाडी 'पार्क' करत नाहीत, उभी करतात. हॉटेलासमोर उभी आहे, काट्यावर उभी आहे, आरटीओने उभी केली आहे. मला हा शब्द आवडतो. उभ्या माणसाचे पाय काम करत असतात. झोप लागली की तो कलतो. उभ्या ट्रकखालीही काहीतरी रात्रभर काम करत असतं. हे मला कळायला आधी ट्रक विकत घ्यावा लागला, आणि मग तो उभा न राहिलेला पाहावा लागला.

वांकिडी म्हणजे आसिफाबादहून राजुऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावरचं शिवेअलीकडचं मंडलाचं गाव. पुढं लक्कडकोट लागलं की महाराष्ट्र. १९५६ पर्यंत राजुराही आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे शीव नकाशावर आली तरी बोलण्यात आली नाही. एकाच टपरीवर तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी चालते. ड्रायव्हर तेलुगू असला की अन्ना, मिस्त्री कुठलाही असला तरी उस्ताद. २०१६ च्या दसऱ्याला आमचा जिल्हा कुमरम भीम आसिफाबाद झाला. त्याआधी दोन वर्षं राज्य बदललं होतं. गाड्यांच्या पाट्या एपी ०१ वरून टीएस २० वर आणि आता टीजीवर आल्या. जुनी माणसं मात्र अजून 'आदिलाबाद जिल्हा'च म्हणतात, आणि मीही त्यांच्यातलाच.

या रस्त्याने कोळसा जातो, गडचांदूरकडचं सिमेंट येतं, हंगामात कापूस दोन्हीकडून दोन्हीकडे जातो. लहानपणापासून मी ट्रक पाहिले ते मुख्यतः उभे. चेकपोस्टची रांग अर्धा-पाऊण किलोमीटर सहज मागे जायची. रांग एका गाडीने पुढं सरकून थांबली की सगळ्या गाड्यांतून एकामागोमाग 'फुस्स' असा हवेचा आवाज यायचा. आम्ही पोरं त्याला ट्रकचा उसासा म्हणायचो. तो हँडब्रेकचा आवाज आहे, हे फार पुढे कळलं.

मी घेतलेली गाडी दहाचाकी, जुनी, चंद्रपूरकडची. घेताना जे बघायचं ते सगळं बघितलं. इंजिनाचा धूर, चेसिसला कुठं वेल्डिंगचा टाका, टायरांची नक्षी, फिटनेस, परमिट, इन्शुरन्स. तीस किलोमीटर पळवून पाहिली. ब्रेक तर इतका छान की पाय टेकवला की गाडी जागेवर बसायची. सोबत आलेल्या अन्नांनीही मान डोलावली. अन्ना माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बत्तीस वर्षं स्टिअरिंगवर; त्यांनी मान डोलावली म्हणजे माझ्यासाठी सौदा झाला. आम्ही दोघांनीही ती गाडी पळताना तपासली. उभी असताना ती कशी आहे, हे बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दीडेक महिन्याने एका जिनिंगमधून रुईच्या शंभर गाठी भरल्या. गाठ १७० किलोची, म्हणजे सतरा टन माल. वजनकाट्यावर चढायला पुढं-मागं उतार असतो, लांबीला थोडा पण चांगलाच उभा. आमच्या पुढची गाडी काट्यावर होती, आम्ही चढावर. अन्नांनी हँडब्रेक लावला, गाडी न्यूट्रल केली आणि चिठ्ठी घ्यायला उतरले. मी खिडकीपाशी मुनीमाशी बोलत होतो. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला. थांबून थांबून वाजवतात तसा नव्हता, सलग होता. वळून पाहिलं तर आमची गाडी मागं निघाली होती. जोरात नाही, एखादी म्हैस तळ्यात उतरावी तशी सावकाश, घाई नसल्यासारखी. त्या सावकाशपणाचीच भीती वाटली, कारण पळत जाऊन हाताने धरता येईल असं वाटत होतं, आणि मागच्या गाडीचा क्लीनर खरोखरच हात पुढं करून उभा होता. "हट रे!" असं तीन भाषांत ओरडलं गेलं. पोरगा सरकला, आमचा मागचा फाळका मागच्या गाडीच्या तोंडात गेला, तिचा रेडिएटर फुटला आणि गाडी थांबली. हिरवट पाणी उतारावरून वाहत आलं. रेडिएटरचे पैसे मी दिले. त्या पोराला शंभर रुपये दिले, ते का दिले हे मला अजून नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी उस्तादांनी गाडीखाली पोतं टाकलं आणि मलाही आत बोलावलं. "शेठ, आप खुद देखो." मागच्या दोन अॅक्सलला मिळून चार चेंबर, म्हणजे गाडग्याएवढे गोल डबे. टॉर्च पाठीमागून मारला तर त्यातल्या दोन डब्यांच्या पाठीतून बोटभर लांब बोल्ट बाहेर आलेले. गंजून मातीच्याच रंगाचे झाले होते. बाकीच्या दोघांच्या पाठी सपाट. उस्ताद म्हणाले, हे दोन डबे झोपवून ठेवलेत.

हा डबा आतून समजून घेतला तर बाकी सगळं आपोआप कळतं. त्याचे दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात पायाच्या ब्रेकची हवा येते, रबरी पडदा ढकलते, त्यातून दांडा पुढं जातो आणि चाकाचा ब्रेक लागतो. मागच्या कप्प्यात एक जाडजूड स्प्रिंग कोंबलेली असते, टनाच्या आसपास जोर असलेली. गाडी चालू असताना टाकीतली हवा या स्प्रिंगला दाबून धरते. ड्रायव्हरने हँडब्रेकची छोटी मूठ ओढली की ती हवा बाहेर पडते, तोच आमचा लहानपणचा उसासा. हवा गेली की स्प्रिंग उसळते, दांडा ढकलते आणि चाक आवळून धरते. म्हणजे हँडब्रेक लावायला जोर लागतच नाही. जोर लागतो तो सोडवायला. सकाळी गाडी सुरू केली की गेजचा काटा सहाच्या आसपास चढेपर्यंत चाकं सुटत नाहीत, ती याचमुळे.

आता मागच्या कप्प्यातला रबरी पडदा फाटला तर? हवा टिकत नाही, स्प्रिंग आपलं काम करते आणि चाक भररस्त्यात जाम होतं. रात्री दोन वाजता, जंगलातल्या रस्त्यावर, भरल्या गाडीनिशी. अशा वेळेसाठीच डब्याच्या पाठीत बोल्टची सोय असते. तो पान्याने फिरवत गेलं की स्प्रिंग मागं ओढली जाऊन अडकून बसते आणि चाक मोकळं होतं. पायाचा ब्रेक त्या चाकाला पूर्वीसारखाच लागत राहतो, कारण पुढचा कप्पा शाबूत असतो. म्हणून तर तीस किलोमीटरच्या फेरीत आम्हा दोघांना काही कळलं नाही. ती गाडी चालताना निर्दोष होती. बोल्ट आवळणाऱ्याला मी शिव्या देऊ शकत नाही. त्याने गाव गाठण्यापुरतं ते केलं असणार, आणि 'पुढच्या खेपेला बघू' म्हणत पडदा बदलायचा राहून गेला असणार. उरलेल्या दोन चेंबरांपैकी एकाचा ब्रेक ढिला होता. म्हणजे काट्याच्या चढावर सत्तावीस टनांना धड असं एकच चाक धरून होतं. तेवढा वेळ तरी धरलं याचं आश्चर्य.

हिशेब साधा आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल तर गाडीच्या वजनाचा विसावा भाग तिला मागे ओढत असतो. सत्तावीस टनांची गाडी, ओढ साधारण १,३५० किलो. ती उभी असेपर्यंत ही ओढ एक क्षणही कमी होत नाही. ब्रेकची आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात की भरलेली गाडी १८ टक्के चढावर निव्वळ हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. आमच्या या रस्त्याला तेवढा चढ कुठंच नाही. पण मानक गाडीच्या पासिंगच्या वजनावर असतं. वर दहा टन जास्तीचे घातले की मानकाशी आपला संबंध संपला. ओव्हरलोड म्हटलं की लोक टायर आणि पट्टे मोजतात, हँडब्रेक कुणी मोजत नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट सारखी घोळवत आलो आहे. बैलगाडीचे बैल सोडले की जू खाली टेकतं. धुरा जमिनीला लागते आणि गाडी तिथंच बसते. बैल नाहीत म्हणजे चाल नाही, हे त्या गाडीच्या घडणीतच आहे. कुणी लक्षात ठेवून काही लावायचं नाही. मोटार आली आणि हा गुण गेला. मोटारीतून माणूस उतरला तरी ती चालायला मोकळीच असते; तिला थांबवून ठेवणं हे वेगळं काम झालं, आणि वेगळं काम म्हटलं की ते विसरता येतं. स्प्रिंगच्या ब्रेकने जू पुन्हा खाली टेकवलं असं मी म्हणतो. अन्ना यावर हसतात, पण त्यांनी ही उपमा दुसऱ्या ड्रायव्हरला स्वतःची म्हणून सांगितलेली मी ऐकली आहे.

ही युक्ती ट्रकवाल्यांच्या आधी रेल्वेला सुचली. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा नळीत हवा भरली की ब्रेक लागायचा. नळी तुटली तर ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्याने ते उलटं केलं. नळीत हवा असेपर्यंत गाडी मोकळी, हवा गेली की ब्रेक. डबे मधूनच तुटले तरी तुटलेले डबे आपोआप थांबतात. पण त्या रचनेतही एक भोक राहिलं. तिथं डब्याला आवळून धरणारी गोष्ट शेवटी हवाच आहे, आणि साठवलेली हवा कधी ना कधी गळते. म्हणून उभ्या रेल्वेगाडीला हाताने फिरवायचे वेगळे ब्रेक असतात. २०१३ च्या जुलैत कॅनडात लाक-मेगांतिक गावावर जी आगगाडी उतारावरून सुटून आली, तिच्यात कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या होत्या. रात्री इंजिन बंद झालं, ब्रेकमधली हवा हळूहळू गळली, आणि हाताचे ब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. ४७ माणसं गेली. आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून खडीच्या ५३ वाघिणी ड्रायव्हरशिवाय निघाल्या आणि सत्तरेक किलोमीटर जाऊन पंजाबात उंची बस्सीला थांबवल्या गेल्या. तेव्हा कुणाला काही झालं नाही, म्हणून आपण मोबाईलवर तो व्हिडिओ गंमत म्हणून पाहिला. मी पाहिला तेव्हा मला काट्यावरचा तो हात पुढं केलेला पोरगा दिसला.

ट्रकच्या डब्यात धरणारी गोष्ट हवा नसून लोखंड आहे, हा मोठा फरक. रात्रभरात सगळी टाकी रिकामी झाली तरी स्प्रिंग धरूनच असते. उलट हवा गेली की अधिक निश्चिंत. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो की मोठी गाडी घेताना मागच्या दोन्ही अॅक्सलना स्प्रिंगचे डबे आहेत का ते मोजा. काही गाड्यांना एकाच अॅक्सलला असतात, दुसऱ्याला नुसते पायाच्या ब्रेकचे. दिसायला डबा कमी लांबीचा असतो, गाडीखाली वाकलं की ओळखू येतो. आणि जुनी गाडी असेल तर प्रत्येक डब्याच्या पाठीवरून हात फिरवा.

लहान गाड्यांचं गणित निराळं आहे. कँटर जातीच्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक चाकाला नसतोच. गिअरबॉक्सच्या मागं, जॉइंट शाफ्टवर एक ड्रम असतो. चाकापेक्षा शाफ्ट वेगात फिरतो, म्हणून तिथं थोडा जोर पुरतो आणि ब्रेक भक्कम लागतो. पण त्याची खोडही शाफ्टवरच असण्यात आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी जॅकवरून निसटू शकते. पंक्चर काढताना किती जणांना हे ठाऊक असतं? शाफ्ट किंवा अॅक्सल तुटला तर हँडब्रेकही त्याच्याबरोबर गेला. गिअरबॉक्सचं मागचं सील गळायला लागलं की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर. ही गाडी वाईट असं नाही. ती ज्याच्या हाती आहे त्याला इतकं माहीत पाहिजे, एवढंच. तारेच्या किंवा दांडीच्या हँडब्रेकबद्दल तर काय सांगावं. तार ताणत जाते, रॅचेटचे दात झिजतात, आणि दांडी रोज एक दात जास्त वर येते. ड्रायव्हर म्हणतो, अजून लागतो. लागतो म्हणजे सपाटीवर लागतो.

निगा म्हटली तर फार काही नाही, पण ती रोजची आहे. आमच्याकडे आता सकाळी गाडी सुटण्याआधी हँडब्रेक लावलेलाच ठेवून अन्ना खालचा गिअर टाकतात आणि क्लच थोडा सोडतात. इंजिन कण्हलं पाहिजे, गाडी हलता कामा नये. अर्ध्या मिनिटाचं काम. मग टाकीच्या खालची कडी ओढून पाणी काढणं. उन्हाळ्यात चारदोन थेंब निघतात, श्रावणात वाटीभर. हे पाणी आत राहिलं तर व्हॉल्व्ह गंजवतं, रबर खातं. त्यात तेलकट काळं काही आलं तर कॉम्प्रेसरकडे बघायचं. इंजिन बंद केल्यावर, हँडब्रेक सोडलेल्या स्थितीत आणि चाकांना लाकडी गुटके लावून, गाडीभोवती एक फेरी मारायची आणि ऐकायचं. एखाद्या डब्यातून बारीक 'सूं' ऐकू आलं तर त्याचा मागचा पडदा जायला लागला आहे. वांकिडीत हे ऐकायची वेळ म्हणजे पहाटे. दिवसा चौपदरी महामार्ग काही ऐकू देत नाही.

ब्रेक टाइट करणं हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं. लायनर झिजत जातो, दांड्याला लांब जावं लागतं, आणि स्प्रिंग जितकी पसरते तितका तिचा जोर उतरतो. ब्रेक लावल्यावर दांडा दोन इंचांच्या आत राहिला पाहिजे. हा माप घेण्याचा उद्योग गाडीखाली झोपून, खडूने खूण करून करावा लागतो, म्हणून कुणी करत नाही. आपोआप टाइट होणारे अॅडजस्टर आलेत, तेही तपासावे लागतातच. पावसात आमच्या काळ्या मातीचा चिखल ड्रमच्या फटीत बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. तो काढल्याशिवाय माप खरं येत नाही. आणि चेंबर उघडण्याबद्दल उस्तादांनी मला जे सांगितलं ते मी सगळ्यांना सांगतो: बोल्टने स्प्रिंग अडकवल्याशिवाय डब्याच्या मागच्या क्लॅम्पला हात लावायचा नाही. मोकळी झालेली स्प्रिंग झाकणासकट माणसाला फेकते. त्यांच्या डाव्या गालावर जुनी खूण आहे. ती कशाची हे मी विचारलेलं नाही.

जुन्या ड्रायव्हरांच्या सवयी कधी आड येतात. दांडीच्या काळात पायाचा ब्रेक दाबून मग दांडी ओढायची, म्हणजे एकदोन दात जास्त मिळायचे. स्प्रिंगच्या गाडीत हँडब्रेक लागल्यावर पुन्हा पाय दाबत राहिलं तर हवेचा आणि स्प्रिंगचा जोर एकावर एक चढतो, आणि तो ब्रेकच्या हाडांवर येतो. अन्नांना ही सवय सोडायला वर्ष लागलं. केरामेरीचा घाट उतरून आल्यावर ड्रम तापलेले असताना लगेच हँडब्रेक न लावता, सपाट जागी गुटके लावून थोडं थांबणं मात्र त्यांच्याकडूनच मी शिकलो.

एक गोष्ट अजून माझ्याकडून सुटली नाही. आमच्याकडे वैशाखात पंचेचाळीसच्या पुढं पारा जातो, आणि रस्त्याच्या कडेची झाडं चौपदरीकरणात गेली. सावली उरली ती ट्रकखालची. क्लीनर, हमाल, कधी वाटेने जाणारं कुणीही तिथं गमछा अंथरून झोपतं. त्यांना उठवलं तर जायचं कुठं? मी गाडीत दोन जोड्या बाभळीचे गुटके ठेवले आहेत, तिरकस कापलेले, दोरीने बांधलेले. दोरीसाठी अन्नांनी मला वेड्यात काढलं होतं. आता गुटके विसरून गाडी काढली तर दोरी आरशात दिसते म्हणून ती त्यांनाच आवडते. गुटका लागल्याशिवाय गाडीखाली कुणी झोपायचं नाही, हा एकच नियम मी मालक म्हणून केला.

ज्यांच्याकडे गुटके नाहीत ते दगड लावतात. लावावेतच, दगड लावणारा ड्रायव्हर न लावणाऱ्यापेक्षा शहाणा. पण गाडी निघते आणि दगड तिथंच राहतो. केरामेरीच्या घाटात वळणा-वळणावर असे दगड पडलेले दिसतात, आणि रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. तेव्हा चढावर गाडी उभी केलीत तर दगड जरूर लावा, आणि निघताना क्लीनरला खाली उतरवून तो रस्त्याच्या कडेला टाकायला सांगा.